टाकीत पाणी आलं होतं

१

गोमतीबाई राठोडांचे प्रेत बुधवारी सकाळी उंबरदरा तांड्याच्या नव्या टाकीत सापडले, तेव्हा निम्मा जिल्हा त्यांना चेहऱ्याने ओळखत होता. सरकारच्या ‘घरधारा’ योजनेच्या जाहिरातीत त्या होत्या. दारातल्या नळाखाली पितळी तांब्या धरून हसणारी, फेटिया-कांचळीच्या बंजारा पेहरावातली म्हातारी, आणि खाली ओळ: ‘आता पाणी माझ्या दारी’. बसस्थानकांवर हे फलक होते. मोबाइलवर योजनेचे पान होते, त्यावर गेल्याच शुक्रवारी ‘थेट तांड्यावरून’ त्यांचा व्हिडिओ झाला होता. मुंबईतल्या साहेबांनी तो पुढे पाठवला आणि मग तो ज्याच्या-त्याच्या हातात गेला.

तांडा रिकामा होता. ऊसतोडीला गेलेली माणसे उन्हाळ्याशिवाय परतत नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शेळ्या.

टाकी तांड्याबाहेरच्या टेकाडावर होती. सिमेंटची, दोन पुरुष उंच, बाहेरून लोखंडी शिडी आणि वर लोखंडी झाकण. ठाणेदार वैजयंती गावंडे शिडी चढल्या आणि त्यांनी आत बॅटरी मारली. आत गुडघाभर पाणी होते. त्यात गोमतीबाई पालथ्या पडल्या होत्या. अंगावर साधे पांढुरके लुगडे, दंड मोकळे. कडेला एक पितळी तांब्या होता. त्याची कड चारी बाजूंनी चेपलेली होती.

“झाकण उघडं होतं?” त्यांनी वरूनच विचारले.

“नाई जी,” खाली शेळ्या घेऊन उभा असलेला धनसिंग म्हणाला. प्रेत त्यानेच पाहिले होते. “कडी लावेल होती. भायेरून. घारी फिरून राह्यल्या होत्या वरतं, म्हनून मी चढलो.”

कडी बाहेरून लावून कोणी स्वतः आत बुडत नाही. तेवढे तर कोणालाही कळत होते.

“म्हातारी बुडून मेली, मॅडम,” सरपंच मारोतराव घाम पुसत म्हणाले. थंडीच्या दिवसांत त्यांना घाम का यावा, असे वैजयंतीबाईंना वाटून गेले. “टाकी कशी भरेल राह्यते आमची. कोनी लोटून देल्लं असन, तं वाचनार कशी? अन् कोनी लोटलं ते सांगाची बी गरज नाई. पोरगं शनवारीच आलं होतं तिचं. दारू पेऊन. ‘मायले मारून टाकतो’ म्हने. साऱ्या तांड्यानं आयकलं.”

“सारा तांडा तर उसात आहे, मारोतराव.”

“जे हायेत त्याइनं आयकलं.”

धनसिंगने मान खाली घातली. म्हणजे ऐकले होते.

संध्याकाळपर्यंत किशन कोठडीत होता. वरून फोनही आला. “पोरगा हातात आहे ना? मग झालं. योजनेचं नाव कुठं मध्ये येऊ देऊ नका.” वैजयंतीबाई हो म्हणाल्या. हो म्हणताना त्यांना उगीचच सोमवारची गोष्ट आठवली. मंगरूळपीरच्या बसस्थानकासमोर त्यांची जीप अडकली होती. शिडी आडवी लावून दोन माणसे मोठ्या फलकावरचे जुने चित्र खरवडत होती. कुणाचा तरी एक डोळा आणि अर्धे हसू तेवढे उरले होते. ‘अर्जंट हाये, मॅडम,’ शिडीवरचा माणूस ओरडला होता, ‘आज संध्याकाळलोक साऱ्या पाट्या बदलाच्या हायेत.’

ही आठवण आता का यावी, ते त्यांना कळले नाही. त्यांनी ती बाजूला सारली.

२

किशन तिशीचा होता. हाताला उसाच्या पात्याने कापल्याच्या बारीक रेषा. दारू उतरली होती आणि रडणे संपले होते.

“मी म्हनलं होतं, मारतो. खोटं काहून बोलू?” तो म्हणाला. “मुकादमाच्या मोबाइलवर पाह्यलं मी. शुक्रवारी. माय नळावर उभी. दंडात चुडो, केसात घुगरी. हसून राह्यली होती. माहा बाप उन्हाळ्यात गेला, मॅडम. आमच्यात नवरा गेला का चुडो उतरवते बाई, घुगरी सोडते. पुन्हा अंगाले लावत नाई. मेली तरी लावत नाई. अन् हे सरकारच्या पाण्यासाठी नवरीवानी सजली! मुकादम म्हने, किशन, तुही माय लगन करून राह्यली काय रे? सारी टोळी हासली.”

“मग?”

“मंग कोयता टाकला अन् निंगालो. बायको माही, निता, शेतात होती, तिले बी सांगतलं नाई. शनवारी दुपारी तांड्यावर आलो. माय घरी नाई. म्हनलं, लाज वाटली असन, मामाकडं पळाली. मंग पेलो. टेकाडावर टाकीच्या सावलीत बसलो अन् शिव्या देल्या तिले. लय देल्या. मर म्हनलं.”

“आईला पाहिलंच नाहीस?”

“नाई.”

“टाकीवर चढला होतास?”

“कायले चढू? टाकी तं चालू होती. पाणी येऊन राह्यलं होतं आत. पाइप वाजत होता, मी आयकलं ना. म्हनलं, पाणी तं खरंच आलं बाप्पा.”

हवालदाराने जबाबात लिहिले: आरोपी टाकीजवळ होता. टाकीत पाणी असल्याचे आरोपीस माहीत होते.

लिहिलेले खरेच होते. तरी वैजयंतीबाईंना ते वाचवेना. फास विणताना दोरी अशीच दिसत असेल.

“मॅडम,” किशनने विचारले, “फाशी देतीन काय मले?”

“तू मारलंस का?”

“नाई.”

“मग गप बस.”

३

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर आवाज खाली आणला.

“बुडून असं लिहायला मला सांगण्यात आलं आहे. मी लिहिणार नाही. फुफ्फुसात पाणी नाही. कंबरेचं हाड मोडलंय, उंचावरून पडून. पण त्याने जीव गेलेला नाही.”

“मग कशाने?”

“तहानेने.”

डॉक्टर पुढे सांगत राहिले.

“जीभ बघितली मी. पोट बघितलं. ही बाई रविवारपर्यंत तरी जिवंत असावी. पाण्यात राहिली असेल ती मेल्यानंतर, आणि तीही काही तास. माझा पेशा असा आहे की मला फारसं काही वाटत नाही. पण काल जेवलो नाही.”

त्या तडक तांड्यावर गेल्या. धनसिंग बाभळीखाली बसला होता. त्यांनी आडवळण घेतले नाही.

“धनसिंगभाऊ, टाकीत पाणी कधी आलं?”

म्हातारा बराच वेळ शेळीच्या कानाशी खेळत राहिला.

“आमच्यात बी रीत हाये मॅडम. आधी तांड्याच्या नायकाले, मंग सरपंचाले, मंग पोलिसाले. मी मारोतरावले सांगाले गेलो का बाई हाये टाकीत. ते म्हने, तू कोनाले बोलू नोको. मंग ट्यांकर आला. मंग तुमी आल्या.”

“त्याआधी टाकीत काय होतं?”

“काय असन? धूळ. पाइप तं टेकाडाच्या खालीच सरला. जोडलाच नाई टाकीले. बांधली तवापासून थेंब नाई पडला तिच्यात.” तो खिन्न हसला. “दुनियेत जनावर पडलं तं हिरीतलं पाणी उपसतात. आमची बाई पडली तं पाणी भरलं.”

“आणि तो व्हिडिओतला नळ?”

“भिताडाच्या मागं ड्रम ठेवला होता त्या पोट्ट्याइनं. नळी लावून. शूटिंग झालं अन् उरलेलं पाणी बी ओतून देल्लं, ड्रम नेवाले जड होते म्हनून. गोमती म्हने, राहू द्या ना बाबू, घागरभर तं होईन. ते म्हने, उशीर होते.”

“हे शुक्रवारी?”

“मले वारं ध्यानात राहत नाई. मी रोज शेळ्या घेऊन दूर जातो. मी पाह्यलं ते थंडीत. ह्या थंडीत का मांगच्या, ते आता इचारू नोका. माहा मेंदू बी उसात गेला.”

मारोतराव पंचायतीत सापडले. टँकरचे नाव काढताच ते खुर्चीत बसले.

“बिल निघालं हाये टाकीचं, मॅडम. टाकी माह्या साळ्यानं बांधली. कोरड्या टाकीत बाई भेटली असती तं पेपरवाले काय लिहितीन? मी भेलो. पण बाईले हात नाई लावला. देवाशपथ. गुरुवारी तं मी लगनात होतो.”

“गुरुवार? मी गुरुवारचं कुठं विचारलं?”

मारोतरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला.

“गुरुवारी फोन आल्ता. शूटिंगवाले येनार हायेत, टाकीच्या झाकनाले कुलूप असन तं काढून ठेवा. मी काढून ठेवलं. त्याच्या मांगं काय झालं मले मालूम नाई.”

“फोन कोणाचा?”

“वाशिमचा. प्रचार कक्षाचा.”

४

‘घरधारा’चा प्रचार कक्ष म्हणजे एका भाड्याच्या इमारतीतली स्वच्छ, गार खोली होती. भिंतभर पडदे. पडद्यांवर हसणाऱ्या बाया. कक्षप्रमुख ज्योत्स्ना यांनी चहा मागवला. बाई हुशार, नीटनेटक्या, मृदू बोलणाऱ्या. गोमतीबाईंचे नाव निघताच त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

“आमचा सगळ्यात गोड चेहरा होता. तिच्यासारखं हसणं शिकवून येत नाही. मला तर बुधवारी तुमच्याच माणसाकडून कळलं. जेवण गेलं नाही.”

“शुक्रवारचा व्हिडिओ थेट होता?”

“थेटच. म्हणून तर तो एवढा चालला.”

“तिथे नळाला पाणी नाही, ताई. कधीच नव्हतं.”

ज्योत्स्नाबाई जराही गडबडल्या नाहीत. “आम्ही खोटं बोलत नाही, मॅडम. आम्ही थोडं आधी बोलतो. पाणी येणारच आहे. लोकांना आधी विश्वास वाटला पाहिजे. तहानेला काय, सवय असते. निराशा वाईट.”

कॅमेरा चालवणारा शिवम शेजारी बसला होता. पंचविशीचा, नाकेला पोरगा. त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला तेव्हा त्याने तो बोटाने हळूच लांब सरकवला.

“तू गुरुवारी कुठं होतास, शिवम?”

“कारंज्याला. कापसाच्या बाजारात. पानावर बघा ना, गुरुवारचा व्हिडिओ हाये माझा. तारीखवार.”

“आणि शनिवार-रविवार?”

“आम्ही दोघंही मुंबईत,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “कक्षाला पुरस्कार होता. दोनशे माणसांसमोर होतो.”

वैजयंतीबाई पडद्याजवळ गेल्या. शुक्रवारचा व्हिडिओ मोठा करून दाखवा म्हणाल्या. गोमतीबाई हसल्या, नळ सुटला, तांब्या भरला. चित्राच्या अगदी डाव्या कडेला कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा दिसत होता आणि लाल पागोट्याचे टोक.

“हे कोण?”

“कोणी नाही. गर्दीतलं,” शिवम म्हणाला.

“कापून टाकलेला माणूस आहे हा. अर्धवट कापला गेलाय.”

ज्योत्स्नाबाई हसल्या. “नजर चांगली आहे. आमचा एक नियम आहे. तो मीच घालून दिला. गेलेल्या माणसाचा चेहरा आमच्या पानावर, फलकावर एक दिवससुद्धा राहत नाही. विरोधक टपलेले असतात. ‘लाभार्थी मेला, योजना हसतेय’ असं लिहायला वेळ लागत नाही. तिच्या नवऱ्याचं जुनं चित्र कुठं मिसळलं असेल, ते कापलं. बाकी व्हिडिओ शुक्रवारचाच.”

बोलणे सरळ होते. वैजयंतीबाईंनी बाकीच्या पडद्यांवर नजर फिरवली. वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या बाया, वेगवेगळे नळ. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखीच होती. ती त्यांनी पाहिली आणि कोणाला काही न बोलता त्या खाली उतरल्या.

५

ठाण्यात निता बसली होती. किशनची बायको. साखर कारखान्याच्या तळावरून बसा बदलत आली होती. मांडीवर भाकरीचे गाठोडे, किशनला देऊ दिले नाही म्हणून तसेच.

“तुमी त्याले सोडा, मॅडम,” ती म्हणाली. “तो येडा हाये, पण मायवर हात नाई टाकनार. माह्याशी बोलला असता तं मीच सांगतलं असतं. तो व्हिडो जुना हाये.”

“कशावरून?”

निताने डोक्यावरची ओढणी मागे सारली. तिच्या कानाजवळच्या बटेत चांदीची घुगरी लोंबत होती. घुंगरांच्या झुबक्यात एक जागा रिकामी होती.

“ही सासूची हाये. सासरा गेला तवा तिनं सोडली अन् आपल्या हातानं माह्या केसात बांधली. म्हने, तू घाल, मी पाहीन. हे एक घुंगरू तुटलं ते मी लग्नात आली तवापासून नाई. सासरा गेल्यापासून ही माह्या डोक्यात हाये. रात्री बी काढत नाई. मुकादमानं मले बी दाखवला तो व्हिडो, हासत. तिच्या केसात हीच घुगरी हाये. तुटलेली. आता एक घुगरी दोन बायांच्या डोक्यात राहीन काय? शुक्रवारी तं मी उसात होती!”

वैजयंतीबाईंनी मोबाइल काढला. व्हिडिओ थांबवला. बोटांनी मोठा केला. घुंगरांच्या झुबक्यात तीच जागा रिकामी होती.

लाखो लोकांनी तो पाहिला होता. एकाही माणसाने ती रिकामी जागा पाहिली नव्हती. पाहिली असेल ती तांड्यातल्या बायांनी, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

“आणखी एक सांग. तुमच्या घरी पितळी तांब्या आहे?”

“कुठून येईन? सारी जर्मनची भांडी हायेत. एक स्टीलचा पेला होता, तो उसात नेला.”

६

दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी ज्योत्स्नाबाई आणि शिवमला ठाण्यात बोलावले. मारोतरावांनाही. टेबलावर त्यांनी काहीच न बोलता चेपलेला तांब्या ठेवला.

शिवमने नजर वळवली.

“हा टाकीत मिळाला,” त्या म्हणाल्या. “गळ्याशी डाग देऊन सांधल्याची खूण बघा. आता या फलकांचे फोटो बघा. रिठदची बाई, कारंज्याची बाई, मंगरूळपीरची रामीबाई. सगळ्यांच्या हातात हाच तांब्या. हीच डागाची खूण. तुमचा आहे हा. प्रत्येक शूटिंगला नेता, परत आणता. मग या वेळी परत का आणला नाही?”

“शुक्रवारी विसरला असेल,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“शुक्रवारी तुम्ही तिथे नव्हताच. शुक्रवारचा व्हिडिओ मागच्या थंडीतला आहे, गोमतीबाईंचा नवरा सेवादास जिवंत असतानाचा. ती घुगरी शुक्रवारी साखर कारखान्याच्या तळावर होती, सुनेच्या डोक्यात. टोळीतली वीस माणसं सांगतील. तेव्हा थेट काही नव्हतं.”

“जुनं चित्रण वापरणं हा गुन्हा नाही.”

“नाही. तुमच्याकडे रोजचंच आहे ते. मी त्यावर अडकलेच नाही. मी एवढंच म्हणते, तुमच्या पानाचा शुक्रवार खोटा असेल, तर गुरुवारचा कारंज्याचा बाजारही खोटा असू शकतो. म्हणजे शिवम गुरुवारी कारंज्यात होता याला पुरावा राहत नाही. आणि गुरुवारी झाकणाचं कुलूप काढून ठेवा असा फोन तुमच्या कक्षातून गेला. मारोतराव?”

“आल्ता जी,” मारोतराव पुटपुटले. आता सगळ्यांत आधी सुटण्याची त्यांना घाई होती.

ज्योत्स्नाबाईंनी शिवमच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईसारखा.

“पोरगा घाबरलाय. तिथे गेला असेल, अपघात झाला असेल, मला काय माहीत? मला बुधवारी कळलं.”

“सोमवारी,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“काय?”

“सोमवारी मंगरूळपीरच्या स्टँडवर माझी जीप अडकली होती. तुमची माणसं फलकावरचा चेहरा खरवडत होती. काल त्यांना विचारलं, तो गोमतीबाईंचा होता. तिथे रामीबाई लावली. संध्याकाळच्या आत जिल्ह्यातल्या सगळ्या पाट्या बदलल्या. तुमचा सगळ्यात गोड चेहरा, तीनच दिवसांपूर्वी मुंबईपर्यंत गाजलेला. तो सोमवारी का उतरवला, ताई? प्रेत तर बुधवारी सापडलं.”

वैजयंतीबाईंनी तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“नियम तुम्हीच मला सांगितलात. गेलेल्या माणसाचा चेहरा एक दिवससुद्धा राहत नाही. सोमवारी ती गेलेली आहे हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं, ज्याने तिला टाकीत सोडलं. तुम्ही एवढ्या शिस्तीच्या, की तिथेही नियम मोडवला नाही.”

शिवम फुटला. टेबलावर डोके ठेवून तो बोलू लागला, आणि मग थांबेना.

गुरुवारी तो नवा व्हिडिओ करायला गेला होता. गोमतीबाई फेटिया घालायला तयार नव्हत्या. मी रांडमुंड बाई, मी नाही घालत, म्हणाल्या. मग त्याने दुसरी युक्ती काढली. टाकीवर चढा, तांब्या घेऊन आत डोकवा, पाणी बघून हसा. त्या चढल्या. डोकावल्या. आणि वळून म्हणाल्या, यात तं काहीच नाही, बाबू. कॅमेरा चालू असताना. तो ओरडला, हसा म्हटलं तर हसा. त्या दचकल्या आणि पाय सुटला.

“जिवंत होती?”

“हो. कंबर धरून बसली होती. मी मॅडमला फोन केला. म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावतो. मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी साहेब तिचा व्हिडिओ पुढे पाठवणार आहेत, वरून ठरलंय. आज तिला कोरड्या टाकीतून काढताना कोणी फोटो काढला तर? उद्याचं होऊ दे. जुना व्हिडिओ थेट म्हणून सोडू. मग आपण माणूस पाठवू. झाकण लावून घे, कोणी पोर-बीर पडेल.”

“मग पाठवला माणूस?”

“शुक्रवारी व्हिडिओ फार चालला. मॅडम म्हणाल्या, आता तर शक्यच नाही. मग मुंबईला जायचं होतं.”

“तू झाकण लावलंस तेव्हा ती काही बोलली?”



“पाणी मागत होती. मी बाटली टाकणार होतो. पण बाटलीवर आमच्या कक्षाचं नाव होतं.”

ज्योत्स्नाबाईंनी हात त्याच्या गुडघ्यावरून काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

“तुम्हाला वाटतं हे माझ्यापाशी थांबेल?” त्या शांतपणे म्हणाल्या. “उद्या माझ्या खुर्चीवर दुसरी बसेल. आणि ती तुमचाच व्हिडिओ करेल, मॅडम.”

७

त्या चुकल्या नव्हत्या. किशन सुटला त्या सकाळी तुरुंगाच्या दारात नवा कॅमेरा उभा होता आणि नवी बाई होती, हातात हार घेऊन. ‘प्रशासनाने दिला न्याय’ असे तिने किशनला तीनदा म्हणायला सांगितले. तिसऱ्यांदा त्याने म्हटले. सोडतील म्हणून म्हटले. निताच्या केसातली घुगरी सुंदर दिसते म्हणून ती पण चित्रात घेतली.

वैजयंतीबाईंनी दोघांना स्वतःच्या जीपमध्ये बसवले. तांड्यापर्यंत सोडते म्हणाल्या. त्यांच्या बदलीचा कागद आलेला होता. तो त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापून झाली होती. किशन हार मांडीवर घेऊन बसला होता. वकिलाने त्याला सगळे सांगितले असावे, किंवा थोडेसे. त्यांनी विचारायचे टाळले.

टेकाड दिसू लागले तसा तो बोलला.

“मॅडम, टाकी बुधवारपर्यंत कोरडी होती म्हनते. खरं हाये काय?”

“हो.”

“थेंब नव्हता?”

“नव्हता.”

“मंग शनवारी आत काय वाजत होतं?”

निताने त्याचा हात धरला. वैजयंतीबाईंना टेबलावरचा तांब्या आठवला. चारी बाजूंनी चेपलेली कड. तो कशावर आपटला होता ते त्यांना पहिल्या दिवसापासून समजायला हवे होते. समजलेही असेल. त्यांनी तशी नोंद केली नव्हती, कारण ती नोंद न्यायालयात मोठ्याने वाचली गेली असती आणि किशन समोर उभा असता.

“पाइपात हवा असते कधीकधी,” त्या म्हणाल्या.

“पाइप जोडलाच नाई, मॅडम.”

“मग वारा असेल. झाकण हलत असेल.”

“कडी लावेल होती.”

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. खोटे बोलणे त्यांना जमत नव्हते. खोटे बोलणारी माणसे त्यांनी एवढ्यात फार पाहिली होती आणि ती सगळी त्यांच्यापेक्षा सफाईने बोलत होती.

“तुमी बी त्या पेजवाल्यावानीच बोलता, मॅडम,” किशन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “टण्, टण् वाजत होतं. थांबून थांबून. मी शिव्या देत होतो तं थांबे. मी चूप झालो का मंग वाजे. मी टाकीले कान लावला होता. म्हनलं, माय तं खरंच बोलली मोबाइलात. आलं पाणी.”

त्याने हारातले एक फूल तोडले आणि बोटांत चुरगळले.

“अन् मी हासलो, मॅडम. दारू पेऊन बी मले लय बरं वाटलं. घरी जाऊन घागर घेऊन आलो. नळाखाली मांडली अन् वाट पाहत बसलो.”